जो उजेड पडद्यावर नव्हता

"डोळ्यांत काही दोष नाही," नगरचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. मी सुटलो असं समजून खुर्चीतून उठलोच. त्यांनी हातानेच बसायची खूण केली.

"दोष डोळ्यांत असता तर बरं झालं असतं. मला मेंदूची शंका येतेय. डोक्यात डाव्या बाजूला, मागे, एखादी गाठ वाढत असेल तर असं होऊ शकतं. पुण्याला जा. चालढकल करू नका."

शालन, माझी बायको, भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "गाठ म्हंजी?"

"ट्यूमर. मेंदूत नको तिथे वाढलेलं मांस. आहेच असं मी म्हणत नाही. पण नाही असंही मला म्हणता येत नाही."

हे बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमाराचं सांगतोय. आज डोक्याचा स्कॅन काढतात आणि संध्याकाळी हातात चित्र येतं. तेव्हा आपल्याकडे ते यंत्र नव्हतं. कवटीच्या आत काय आहे हे डॉक्टरांना बाहेरून अंदाजानेच ओळखावं लागे, आणि अंदाज येईना तर आत सुई घालावी लागे. मला जे झालं होतं त्याचं नाव मला तेव्हा ठाऊक असतं, तर पुढचे दिवस मी ज्या भीतीत काढले ती भीती वाट्याला आली नसती. म्हणून हे लिहितोय. वाचणाऱ्यांपैकी कुणाला कधी अर्धं जग दिसेनासं झालं, तर त्याला निदान एवढं कळावं की असं आणखी कुणालातरी झालं होतं.

मी नगरच्या एका सिनेमा थिएटरात ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे वर केबिनमध्ये बसून मशीन चालवणारा. आमच्याकडे दोन मशिनं होती. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं, आणि लोकांना पत्ता लागू द्यायचा नाही. रीळ संपायच्या आधी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमकतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही, कारण ते त्याची वाट बघत नसतात. ऑपरेटर मात्र केबिनच्या छोट्या काचेला डोळा लावून त्याचीच वाट बघत असतो. ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर, पुन्हा दिसला की चेंजओव्हर, म्हणजे पडदा दुसऱ्या मशीनकडे सोपवायचा.

त्या दिवशी मॅटिनीचा खेळ होता. मी काचेपाशी उभा राहून ठिपक्याची वाट बघत होतो. पडद्यावर नायिकेचा मोठा चेहरा होता आणि त्या चेहऱ्याला एक कान नव्हता. मला वाटलं प्रिंट खराब आलीय. मग गालही गेला. काळा झाला नाही, पुसलाही गेला नाही. तिथे काही नव्हतंच. आणि ठिपका काही येईना.

एकदम पडदा पांढराफटक झाला. रीळ संपलं होतं. खाली शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी खुर्च्या बडवायला लागलं. मी दुसऱ्या मशीनकडे धावायला हवं होतं, पण मी जागचा हललो नाही. कारण त्या पांढऱ्या पडद्यावर, मी बघत होतो त्याच्या किंचित उजवीकडे, एक चमकतं काहीतरी होतं. करवतीच्या दात्यांसारखी वाकडी रेघ. दाते सारखे लवलवत होते आणि रेघ हळूहळू मोठी होत होती. मला वाटलं पडदा पेटला. मी नजर काढून भिंतीकडे पाहिलं. ती भिंतीवर आली. डोळे मिटले. ती पापण्यांच्या आत होती.

तेवढ्यात रज्जाकभाई जिना चढून आत आले. ते थिएटरचे जुने ऑपरेटर, माझे उस्ताद. एका हाताने मला बाजूला सारून त्यांनी दुसरं मशीन चालू केलं.

"काय रे दत्ता, झोपला व्हय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बोलत होते, पण त्यांचा चेहरा अर्धाच होता. एक डोळा, अर्धं नाक, अर्धी दाढी. मी खाली बसलो. थोड्या वेळाने ती रेघ नजरेच्या पार कडेला सरकत गेली आणि विझली. सगळं पुन्हा जिथल्या तिथे दिसायला लागलं. मग डोक्याच्या डाव्या बाजूला ठणका सुरू झाला, इतका की मी केबिनबाहेर जाऊन उलटी केली.

"आर्कचा उजेड लागला तुला," रज्जाकभाई म्हणाले. आमच्या मशीनमध्ये दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगीचा झोत पेटत असे, त्याला आर्क म्हणत. त्याच्याकडे काळ्या काचेतूनच बघायचं असतं. "काच न लावता बघितलं असशील. घरी जा, डोळ्यांवर दुधाची घडी ठेव."

मी दुधाची घडी ठेवली. दुसऱ्या दिवशी ठणठणीत होतो. विसरूनही गेलो.

दुसऱ्यांदा झालं ते कापड बाजारात. मी सायकलवर होतो. ऊन असं होतं की दुकानांच्या पत्र्यांकडे बघवत नव्हतं. एका पाटीवरची शेवटची अक्षरं दिसेनात. सायकलवरून उतरायला हवं असं मनात येतंय तोवर उजवीकडून टांगेवाल्याची आरोळी ऐकू आली. आवाज आला, पण टांगा दिसलाच नाही. घोड्याचा गरम श्वास खांद्याला लागला आणि मी सायकलसकट आडवा झालो. टांगेवाला खाली उतरून ओरडत होता, "एवढा मोठा घोडा दिसंना का तुला?"

खरंच दिसला नव्हता. हे त्याला कसं सांगणार?

घरी शालनने गुडघ्याला हळद लावली. एरवी ती फार प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी विचारले. मी सगळं सांगितलं, रेघेचंही. ती म्हणाली, "आवो, उद्याच डोळ्याच्या डाक्टरकडं चला. मशीनचं नंतर बघू."

डॉक्टरांनी औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, दिव्याने आत बरंच बघितलं. मग एक गोष्ट सांगितली. "पुन्हा असं झालं की एक डोळा झाका. मग दुसरा झाका. कोणत्या डोळ्याने ते दिसतं, तेवढं मला येऊन सांगा."

माझी खात्री होती की उजवा डोळा बिघडलाय. कारण जे जात होतं ते उजवीकडचंच जात होतं. काही दिवसांनी सकाळी चहा पिताना बशीची उजवी कड गेली आणि दाते लवलवायला लागले. मी उजवा डोळा झाकला. आता हे दिसायला नको होतं. दिसत होतं. डावा झाकला. तरीही तेच, तिथेच. दोन्ही झाकले, तरी अंधारात तेच. चहा तसाच ठेवून मी शालनचा हात धरला. जे डोळे झाकूनही दिसतं, ते डोळ्यांत नसणार, एवढं मलाही कळत होतं.

हेच डॉक्टरांना जाऊन सांगितलं, आणि त्यांनी ते गाठीचं सांगितलं.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही एस.टी.ने गेलो. घाट उतरताना मी खिडकीबाहेर बघायचं टाळलं. झाडांच्या सावल्या आणि ऊन एकाआड एक डोळ्यांवर येत होतं, ते सोसवत नव्हतं. शालनने माझ्या डोळ्यांवर पदराचं टोक धरलं. समोरच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "डोळं आलं का लेकराचं?" मी तिशीला टेकलेला माणूस. शालन म्हणाली, "व्हय, आलं हाईत."

दवाखान्यात पहिले काही दिवस बाकांवर गेले. ज्यांच्या डोक्याला पांढरं फडकं बांधलंय अशी माणसं स्ट्रेचरवरून जात-येत. त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं तरी बघितलं जाई. मग वॉर्डात खाट मिळाली.

तपासण्या सुरू झाल्या. गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. तळव्यावर किल्ली ओढली. टाचणीने टोचून कुठे कमी लागतं का विचारलं. पेरिमेट्री नावाची एक तपासणी होती. अर्ध्या घमेल्यासारख्या पांढऱ्या वाटीत हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या खुणेकडे बघायचं आणि कडेने येणारा बारीक दिवा दिसला की सांगायचं. नजर किती रुंद आहे, कुठे भोक आहे का, हे त्यातून कळतं. माझी नजर पूर्ण होती. कवटीचा एक्स-रे काढला. त्यातही काही निघालं नाही.

रोज कुणीतरी "नॉर्मल" म्हणे आणि रोज माझी भीती वाढे. कारण मोठे डॉक्टर फेरीवर आले की कागद बघून मान हलवत आणि म्हणत, "छोटी गाठ यात दिसणार नाही. नेहमी उजवीकडेच जातं ना?"

"हो साहेब. नेहमी उजवीकडेच."

"मग अँजिओग्राफी करू."

अँजिओग्राफी म्हणजे काय, ते त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर बाईंनी समजावलं. त्या तरुण होत्या, घाईघाईने चालायच्या आणि थांबल्या की पूर्ण थांबायच्या. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत सुई घालायची, तिच्यातून एक औषध सोडायचं आणि लगोलग एक्स-रे काढायचे. औषध जिथे जिथे रक्त जातं तिथे जातं, म्हणून मेंदूतल्या शिरा चित्रात उमटतात. गाठ असली की शिरा सरकलेल्या दिसतात.

"धोका?" मी विचारलं.

त्यांनी लपवलं नाही. "असतो. क्वचित हातपाय लुळे पडतात. क्वचित बोलणं जातं. बहुतेकांना काही होत नाही."

माझ्या शेजारच्या खाटेवर शिरूरकडचा एक मास्तर होता. त्याची अँजिओग्राफी झाली आणि त्याचा उजवा हात उचलेना. तो दुसऱ्या हाताने तो हात उचलून छातीवर ठेवी, आणि हात घसरला की परत ठेवी. माझ्याकडे बघून तो हसायचा प्रयत्न करायचा. त्याचा हात पुढे सुधारला, पण ते मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त तो घसरणारा हात दिसत होता. शालननेही तो बघितला होता.

अँजिओग्राफी उद्या सकाळी ठरली. कागदावर मी सही केली, खाली शालनने अंगठा दिला. त्याआधी एकच तपासणी उरली होती, ई.ई.जी. मेंदूत बारीक वीज वाहत असते, ती कागदावर उमटवणारं यंत्र. डॉक्टर बाईंनी डोक्याला चिकट मलम लावून वायरी डकवल्या. मी म्हटलं, "बाई, शॉक बसेल का?" त्या म्हणाल्या, "आम्ही वीज देत नाही, तुमची घेतो." पुण्याला आल्यावर मी पहिल्यांदा हसलो असेन.

मग त्यांनी माझ्या तोंडासमोर एक दिवा आणला. "डोळे मिटून पडा. हा दिवा लुकलुकेल. आधी सावकाश, मग भराभर."

दिवा लुकलुकायला लागला. मिटलेल्या पापण्यांतून तांबडे-पिवळे चौकोन उसळायला लागले. वेग वाढला तसे चौकोन एकमेकांत घुसले. माझ्या मुठी आवळल्या गेल्या. केबिनमध्ये कधी कधी मशीनची, झोत अडवून-सोडणारी झडप सैल व्हायची आणि पडदा फडफडायचा. प्रेक्षक नुसते ओरडायचे, माझं मात्र डोकं भणाणून जायचं. तसंच, पण कितीतरी पटीने. मला उठून पळायचं होतं. बाई यंत्रावरच्या कागदाकडे वाकून बघत होत्या. "थोडंच राहिलंय," त्या म्हणाल्या. मग दिवा थांबला.

वॉर्डात परत आलो तेव्हा दुपार झाली होती. शालन मोसंबं सोलत होती. तिने फोड पुढे केली, आणि तिच्या हातातल्या बांगड्या एका बाजूने तुटलेल्या दिसल्या.

"शालन, आलं," मी म्हणालो. "बाईंना बोलव. पळ."

ती पळाली. डॉक्टर बाई पळतच आल्या. येताना दाराशी टांगलेल्या पाटीजवळचा खडू त्यांनी उचलला होता. माझ्या खाटेसमोरची भिंत खालून हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेली होती. तिच्यावर त्यांनी एक फुली काढली.

"ह्या फुलीकडे बघा. नजर हलवायची नाही. चमक कुठे आहे, ते बोटाने दाखवा."

मी बोट केलं. त्यांनी तिथे खडूने वाकडी रेघ मारली. फुलीला जवळजवळ चिकटलेली, लहान.

सिस्टर आल्या. "बाई, ही भिंत आहे!"

"मी पुसते नंतर. आता कुठे आहे?"

मी बोट थोडं बाहेर नेलं. दुसरी रेघ, पहिलीपेक्षा मोठी. मग तिसरी. रेघा फुलीपासून बाहेर सरकत होत्या आणि प्रत्येक वेळी मोठ्या होत होत्या. वॉर्डातली बरी असलेली माणसं उठून बसली होती. मास्तरही मान वळवून बघत होता. मी घामाने भिजलो होतो. शालनने माझा दुसरा हात धरला होता.

अचानक बाईंचा हात थांबला. त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"दत्तात्रय, हे कुठल्या बाजूला आहे?"

"हे काय, इकडे."

"इकडे म्हणजे? नीट सांगा."

मी फुलीकडे बघितलं, माझ्या बोटाकडे बघितलं. माझं बोट फुलीच्या डावीकडे होतं. सगळ्या रेघा डावीकडे होत्या.

"डावीकडे," मी म्हणालो.

"आणि याआधी प्रत्येक वेळी?"

"उजवीकडे."

मला वाटलं आता संपलं. गाठ पसरली, दोन्हीकडे झाली. मी तसं बोललोही. पण बाईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्या माझ्या खाटेवरच बसल्या. असं त्या एरवी कधी करत नसत.

"आता नीट आठवून सांगा. हे गेल्यावर डोकं दुखतं?"

"दुखतं. अर्धंच. उलटी झाली की उतरतं."

"तुमच्या घरात आणखी कुणाचं डोकं असं दुखतं?"

मी नाही म्हणणार होतो. शालन मधेच बोलली, "ह्यांच्या आईचं दुखतं की. डोक्याला फडकं आवळून अंधाऱ्या खोलीत पडून ऱ्हात्यात. भांड्याचा आवाज सुदीक चालत न्हाई. अर्धशिशी हाय त्यांना."

बाई उठल्या आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. तोवर माझी रेघ कडेला जाऊन विझली होती आणि उजव्या बाजूला ठणका सुरू झाला होता. मोठे डॉक्टर हिरव्या भिंतीसमोर उभे राहिले. त्यांनी एकेका रेघेवर बोट ठेवून पाहिलं. मग ई.ई.जी.चा कागद मागवला, तो चाळला, आणि माझ्याकडे वळले.

"गाठ एका जागी बसलेली असते. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला अशी ती फिरत नाही. उद्याची सुई रद्द करा."

शालनने विचारलं, "मग ह्यांना झालंय काय?"

"मायग्रेन. त्यातला क्लासिकल मायग्रेन, म्हणजे ज्यात डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर असं काही दिसतं."

"म्हंजी?"

"म्हणजे अर्धशिशी."

शालन त्यांच्याकडे बघतच राहिली. "अर्धशिशी? नुसती अर्धशिशी?" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. वॉर्डात सगळ्यांसमोर ती तशी हसत-रडत उभी होती, हातात मोसंब्याची साल घेऊन.

मला लगेच आनंद झाला नाही, हे खरं सांगतो. डोकं फुटत होतं. आणि इतक्या दिवसांची भीती एका वाक्याने जात नाही. मोठे डॉक्टरही म्हणाले, "काही महिन्यांनी पुन्हा दाखवायला या. मधे फिट आली, किंवा दिसेनासं झालेलं परत आलं नाही, तर ताबडतोब या."

दुसऱ्या दिवशी, ज्या वेळी माझ्या मानेत सुई जायची होती त्या वेळी, डॉक्टर बाई माझ्या खाटेशी बसून मला समजावत होत्या. सिस्टरांनी भिंत पुसून घेतली होती.

त्या म्हणाल्या, आपल्याला वाटतं डोळा बघतो. डोळा फक्त आत पाठवतो. बघण्याचं काम डोक्याच्या पार मागच्या बाजूला, मानेच्या वर, मेंदूचा एक भाग करतो. त्याचे दोन तुकडे. डाव्या तुकड्याला उजवीकडचं दिसतं, उजव्याला डावीकडचं. म्हणून कुठलाही डोळा झाकला तरी तुमची रेघ जागची हलत नव्हती. मायग्रेनवाल्या माणसाचा हा भाग हळवा असतो. कशाने तरी तो भडकतो, आणि भडका एका टोकाला सुरू होऊन सावकाश पुढे सरकतो. जिथे भडका असतो तिथे तुम्हाला चमक दिसते. तो पुढे गेला की मागची जागा थोडा वेळ गप्प होते, तिथे काही दिसत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत तो कडेला पोचतो आणि सगळं पूर्ववत होतं.

"आणि कशाने भडकतो?"

"प्रत्येकाचं वेगळं असतं. उपास, जागरण, ऊन. तुमच्या बाबतीत मला कालचा लुकलुकणारा दिवा दिसतोय. कागदावर बघितलं, दिवा कितीही भराभर लुकलुकला तरी तुमचा मेंदू त्याच्या मागे धावतच होता." मग विचारलं, "तुम्ही काम काय करता म्हणालात?"

मी सांगितलं. त्यांनी नुसतं "अरे देवा" म्हटलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी नगरमध्येच एका मेंदूच्या डॉक्टरांनी मला यात भर घालून सांगितलं. चारचौघांचा मेंदू तेच तेच दृश्य पुन्हा पुन्हा आलं की त्याला सरावतो आणि मग त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. आमच्यासारख्यांचा मेंदू सरावत नाही. चट्ट्यापट्ट्यांची सतरंजी, जाळीतून पडणारं ऊन, फडफडता दिवा, हे त्याला दर वेळी तितकंच टोचतं. लोक म्हणतात, थोडं सहन करायला शिका. ते शिकून येत नाही. हा स्वभावाचा दोष नाही, एवढं मी त्या डॉक्टरांकडून घेऊन आलो.

नगरला परत आल्यावर मी काळा चष्मा लावून केबिनमध्ये गेलो. बरोबर अर्गोटामिनच्या गोळ्या होत्या. फुगलेल्या शिरा आवळून धरणारं ते औषध, डोकं दुखायला लागताच घ्यायचं आणि जास्त कधी घ्यायचं नाही. रज्जाकभाई माझ्याबरोबर थांबले. तिसऱ्या रिळाला ठिपका दिसेनासा झाला. मी त्यांच्या दंडाला हात लावला, त्यांनी मशीन घेतलं. खाली एकही शिट्टी वाजली नाही.

खेळ सुटल्यावर ते म्हणाले, "दत्ता, तुझे हात चांगले हायेत. चालू मशीन तुला सोसत न्हाई. बंद मशीनचं काय?"

"म्हणजे?"

"जत्रेतल्या तंबू-सिनेमावाल्यांची मशिनं कोण दुरुस्त करतं? पुण्यावरनं माणूस येतो, आठवडाभर तंबू बंद पडतो. तू कर."

मला ते लगेच रुचलं नाही. केबिनची काच, ठिपका, खालचा अंधार, यावर माझा जीव होता. काही दिवस मी रागातच होतो, कुणावर ते मलाच कळत नव्हतं. पण करायला लागलो. कर्जत, श्रीगोंदा, शेवगाव, जिथे जिथे तंबू होते तिथे दिवसाउजेडी जाऊन बंद मशिनं खोलायची, झडपा बसवायच्या, दातेरी चाकं बदलायची. खेळ सुरू व्हायच्या आत मी परतीच्या गाडीत असे. त्यावर माझं घर चाललं, आणि चांगलं चाललं.

कर्जतला पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथून जवळच आमच्या गावी आईला भेटायला गेलो. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. दुपारची सुट्टी होती. उघड्या माळावर फोडलेल्या दगडांचे ढीग पांढरे चमकत होते आणि आई डोळ्यांवर पदर ओढून एका ढिगाच्या सावलीला बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आई, तुझं डोकं दुखतं ना, त्याच्या आधी तुला काही दिसतं का गं?"

"दिसतं की," ती म्हणाली.

"काय दिसतं?"

तिने बोटाने मातीत रेघ ओढली. वाकडी, दातेरी. "आसं करवतीवानी. लवलव करतं. मग मानसाचं त्वांड अर्धंच दिसतं. खडीवर आल्यापसनं लई येतंय."

मी त्या रेघेकडे बघत राहिलो. "आई, हे तू कधी कुणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं त्यात? मला वाटायचं समद्यांलाच दिसतं."

मी तिला खडीच्या कामावरून उठवलं आणि नगरला घेऊन आलो. तिची कुरकुर चालू होती, पण आली. माझा काळा चष्मा तिला दिला. तो लावून ती दारात बसली की गल्लीतल्या बाया हसायच्या. तीही हसायची. पण तिचं डोकं दुखणं निम्म्यावर आलं.

ज्यांना हे पहिल्यांदाच होईल त्यांना माझं सांगणं आहे. डॉक्टरांना दाखवा. अर्धशिशीच असेल म्हणून घरी बसू नका. नजर जाण्याची कारणं अनेक असतात आणि त्यातली काही खरोखर वाईट असतात. मला गाठीची शंका सांगणारे नगरचे डॉक्टर चुकले नव्हते, त्यांनी वेळेवर पाठवलं. डॉक्टरकडे जाल तेव्हा एवढं बघून जा, की एक डोळा झाकल्यावर ते जातं का, कुठल्या बाजूला असतं, जागेवर थांबतं की सरकतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. न विचारता ती सांगत नाहीत.

मला ते अजूनही येतं, वर्षातून एखाद्या-दुसऱ्या वेळी. बरीच वर्षं प्रत्येक वेळी आधी बाजू बघायचो. उजवी की डावी? आता बघत नाही.

आमची मुलगी पाचवीत होती तेव्हा एकदा शाळेतून मधल्या सुट्टीतच घरी आली. दप्तर छातीशी घट्ट धरलेलं, ओठ पांढरे.

"बाबा, फळ्यावरची अर्धी अक्षरं गेली. बाई म्हणाल्या, मी नाटक करते."

शालन चुलीपुढून उठून आली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी मुलीला आतल्या खोलीत नेलं, खिडकी लावली, गोधडी टाकली आणि तिच्या शेजारी आडवा झालो.

"आता तुला एक चमकणारी रेघ दिसत असेल. दात्यांची."

ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला पण दिसतेय?"

"आत्ता नाही. पण मला माहीत आहे ती. आता ती मोठी होईल, बाहेर बाहेर सरकेल. झाली?"

"होतेय."

"कडेला जाईल आणि विझेल. मग अक्षरं परत येतील, सगळी. मग डोकं दुखेल, ते मात्र दुखेल. उलटी आली तर येऊ दे. मग झोप लागेल."

ती माझं बोट धरून छताकडे बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्यावर भीती शोधत होतो. आधी होती. मग हळूहळू उतरली, आणि तिच्या जागी एक कुतूहल आलं.

"बाबा," ती म्हणाली, "बघायला छान आहे ही."

तिशीपासून माझ्या डोक्यात ती रेघ उमटत होती आणि मी एकदाही तिच्याकडे तशा नजरेने बघितलं नव्हतं. त्या पुण्याच्या डॉक्टर बाईंचे आभार मी त्या दिवशी मनात पुन्हा मानले. संध्याकाळी मुलगी उठली, तोंड धुतलं आणि आईला विचारलं, भाकरी झाली का.